माउस फिरवा, आरसा ठेवा: बदललेल्या दृश्याशी हात कसा जुळवून घेतो, हे वर्गात मोजण्याची पद्धत

डोळ्यांना दिसणारी दिशा आणि हाताने केलेली हालचाल यांचे नाते मुद्दाम बिघडवले, तरी माणूस थोड्या वेळात सावरतो, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग मांडणारे विद्यार्थी मात्र बहुतेक वेळा सावरण्याचा भाग तेवढा दाखवतात: सुरुवातीला किती चुकत होते, शेवटी किती कमी चुकले, झाला प्रयोग. बिघाड काढून घेतल्यानंतर हात काय करतो हे पाहण्याआधीच टेबल आवरले जाते. हात खरोखर जुळला की डोक्याने नुसती युक्ती काढली, याचा निवाडा त्या राहून गेलेल्या भागातच होतो. म्हणून या लेखात मोजमापाचा सगळा भर बिघाड काढल्यानंतरच्या पहिल्या काही हालचालींवर ठेवला आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातील मराठी हायस्कुलांच्या आणि पीयू (अकरावी-बारावीच्या) कॉलेजांच्या शिक्षकांना दोन प्रयोग सहज करता येतील. एकाला संगणक कक्षातील माउस पुरतो, तर दुसऱ्याला आरसा आणि पेन्सिल. तिसरा प्रयोग प्रिझमच्या चष्म्याचा आहे; तो जमल्यास करावा, न जमल्यास काही बिघडत नाही.

आधी थोडे जाणून घ्यावे असे

या विषयाचा अभ्यास जुना आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ याने दृश्य बाजूला सरकवणारे प्रिझम डोळ्यांसमोर धरून वस्तूकडे हात नेण्याचा प्रयोग वर्णिला आहे. हात आधी चुकतो, मग नेमका पोहोचतो, आणि प्रिझम काढताच उलट्या बाजूला चुकतो. पुढे अमेरिकेत जॉर्ज स्ट्रॅटन याने एक डोळा झाकून दुसऱ्यावर दृश्य उलटे करणारी भिंगे चढवली आणि आठ दिवस तसे राहून पाहिले. तो वृत्तांत १८९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

हालचालीचा हुकूम देताना मेंदू तिचा परिणाम काय दिसेल याचाही अंदाज बांधत असतो, आणि प्रत्यक्ष दिसलेले त्या अंदाजाशी जुळले नाही की पुढच्या हुकमात आपोआप थोडी दुरुस्ती होते. या कामात लहान मेंदूचा, म्हणजे अनुमस्तिष्काचा, वाटा मोठा आहे. १९९६ मध्ये थॉमस थॅच आणि सहकाऱ्यांनी प्रिझम लावून लक्ष्यावर मातीचे गोळे फेकायला लावले, तेव्हा अनुमस्तिष्काला इजा झालेल्या अनेक रुग्णांना ही जुळणी साधली नाही. आणि ज्यांना ती साधली अशा निरोगी माणसांपैकी बहुतेकांमध्ये खांद्यावरून फेकताना झालेली जुळणी खालून फेकताना उतरली नाही. जुळणी किती नेमक्या हालचालीला चिकटून असते, हे यावरून कळते.

या आपोआप दुरुस्तीच्या जोडीला माणूस जाणूनबुजून युक्तीही लढवतो. ‘डावीकडे जातेय ना, मग जरा उजवीकडे नेम धरू’ हा विचार म्हणजे ती युक्ती. दोन्हींमुळे चूक कमी होते, त्यामुळे नुसत्या आलेखावरून कोणामुळे किती कमी झाली हे सांगता येत नाही. युक्ती मात्र ‘आता सोडून दे’ म्हटले की सोडता येते आणि हाताची जुळणी अशी सांगून सुटत नाही. आपल्या साऱ्या मोजमापाचा आधार हाच फरक आहे.

पहिला प्रयोग: तिरका माउस

माउस टेबलावर सरळ न ठेवता वरून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ४५ अंश वळवून ठेवला आणि हात समोर सरळ नेला, तर पडद्यावरील बाण ४५ अंश डावीकडे झुकून जातो. संशोधक प्रयोगशाळेत खास सॉफ्टवेअर वापरून जो बदल घडवतात, तोच इथे फुकटात मिळतो. अडचण एकच आहे: तिरका माउस हाताला आणि डोळ्याला लगेच कळतो. म्हणून तो झाकावा लागतो.

त्यासाठी पुठ्ठ्याचा एक चौकोनी बॉक्स घ्यावा. बेळगावात कुंद्याचा रिकामा बॉक्स कोणाच्याही घरी सापडतो. माउस आत तिरका बसायला हवा, तेव्हा लांबी-रुंदी साधारण १५ सेंटिमीटर असावी. माउसच्या पाठीवर स्पंजचा तुकडा डबल टेपने चिकटवून तो बॉक्सच्या तळाला आतून चिकटवावा आणि बॉक्स पालथा घालावा. माउसचे बूड टेबलाला पूर्ण टेकले पाहिजे. प्रकाशावर चालणारा माउस एक-दोन मिलिमीटर जरी उचलला गेला तरी बाण अडखळतो, म्हणून बॉक्सच्या कडा थोड्या कापून घ्याव्यात. विद्यार्थी बॉक्स धरतो, बॉक्स नेहमी सरळच असतो, आणि आतला माउस कसा बसवला आहे हे त्याला दिसत नाही. बिनतारी माउस असेल तर उत्तम, नसेल तर तारेसाठी मागच्या बाजूला रुंद खाच ठेवून वर रुमाल टाकावा. तळावर शून्य आणि ४५ अंशांच्या रेषा आधीच आखून ठेवाव्यात, पण त्या आखताना बॉक्स उताणा असतो हे विसरू नये: आतून पाहताना जी दिशा घड्याळाची वाटते, ती बॉक्स पालथा घातल्यावर उलटी होते.

माउस असा कोंडल्यावर त्याचे बटण दाबता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे त्याच संगणकाला दुसरा माउस जोडावा. विंडोजवर दोन्ही माउस एकच बाण चालवतात, त्यामुळे शेजारी बसलेल्या सहाय्यकाने दुसऱ्या माउसचे डावे बटण दाबून धरले की पहिल्याच्या हालचालीने पेंट या प्रोग्रॅममध्ये रेघ उमटते. दुसऱ्या माउसच्या तळाचा दिवा कागदाच्या तुकड्याने झाकावा, म्हणजे सहाय्यकाचा हात हलला तरी बाण हलणार नाही. शिवाय विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये पॉइंटरची अचूकता वाढवण्यासाठी जी बरोबरची खूण असते, ती काढून टाकावी. ती खूण असताना हाताच्या वेगानुसार बाणाचे अंतर बदलते आणि मग मोजमापाला अर्थ उरत नाही.

आता पडद्यावरची आकृती. पेंटमध्ये ८०० गुणिले ६०० पिक्सेलचा कोरा कागद घेऊन मध्यबिंदू (४००, ३००) वर ठेवावा आणि त्याभोवती २०० पिक्सेल अंतरावर आठ ठिपके काढावेत: आडव्या आणि उभ्या रेषेवरचे चार, आणि तिरके चार. तिरक्या ठिपक्यांसाठी मध्यापासून दोन्ही बाजूंना १४१ पिक्सेल मोजावेत. मध्याभोवती १०० पिक्सेल त्रिज्येचे एक फिकट वर्तुळही काढावे. ही फाइल कोरी जपून ठेवावी आणि प्रत्येक फेरीनंतर, म्हणजे आठही ठिपक्यांकडे एकेक रेघ झाल्यावर, चित्र वेगळ्या नावाने साठवावे.

विद्यार्थ्याला सांगायची सूचना कागदावर लिहून ठेवावी आणि सर्वांना शब्दशः तीच वाचून दाखवावी. आपल्याकडे एकाच गल्लीतले एक पोर मराठी शाळेत तर दुसरे कन्नड शाळेत जाते, त्यामुळे ज्याला ज्या भाषेत नीट समजते त्या भाषेत सूचना आधीच तयार असावी. आयत्या वेळी तोंडी भाषांतर करताना शिक्षकाकडून नकळत इशारा जातो. सूचना एवढीच: ‘सांगितलेल्या ठिपक्यातून रेघ आरपार जाईल अशी एका दमात, भरकन ओढायची. मध्येच वळवून दुरुस्त करायची नाही.’ रेंगाळत ओढलेली रेघ वाटेतच सुधारली जाते आणि मूळ नेम किती चुकला होता हे लपून जाते. ठिपक्यांचा क्रम दर फेरीत बदलावा.

प्रयोगाचे तीन टप्पे असतात. पहिल्यात माउस सरळ ठेवून चार फेऱ्या घ्याव्यात. कोणाचा हात मुळातच एका बाजूला झुकतो, ते यात कळते. दुसऱ्यात माउस ४५ अंश वळवून दहा फेऱ्या. तिसऱ्यात माउस पुन्हा सरळ करून चार फेऱ्या. टप्पा बदलताना बॉक्स उचलावा लागतो, आणि बॉक्स उचलला की विद्यार्थ्याला संशय येतो. म्हणून टप्प्याच्या मध्येही, काहीही न बदलता, अधूनमधून बॉक्स उचलून पुन्हा ठेवावा. तिसऱ्या टप्प्याच्या आधी एक वाक्य न चुकता म्हणावे: ‘आता काही युक्ती वापरत असशील तर ती सोडून दे, आणि ठिपक्याकडेच सरळ नेम धर.’ हे वाक्य गाळले तर मागे राहिलेली चूक हाताची की युक्तीची, हे कळायला मार्ग उरत नाही.

चूक मोजायची कशी

प्रत्येक रेघ १०० पिक्सेलच्या वर्तुळाला जिथे छेदते, तिथे माउसचा बाण नेला की पेंटच्या तळाशी त्या बिंदूचे आडवे आणि उभे आकडे दिसतात. त्यांतून अनुक्रमे ४०० आणि ३०० वजा करावेत आणि स्प्रेडशीटमधील एटॅन२ (ATAN2) या सूत्राने कोन काढावा. एक्सेलमध्ये या सूत्रात आडवा आकडा आधी द्यायचा असतो, आणि आलेले उत्तर रेडियनमध्ये असल्याने ते अंशांत बदलून घ्यावे लागते. पेंटमध्ये उभे आकडे वरून खाली वाढत असल्यामुळे हा कोन आपोआप घड्याळाच्या दिशेने मोजला जातो. रेघेच्या कोनातून ठिपक्याचा कोन वजा केला की चूक मिळते. ती १८० च्या वर गेली तर ३६० वजा करावेत, उणे १८० च्या खाली गेली तर मिळवावेत. संगणकाचा कंटाळा असेल त्याने चित्रे छापून कोनमापक लावला तरी चालते, एक-दोन अंशांचा फरक इथे महत्त्वाचा नाही.

फेरीगणिक आठ चुकांची सरासरी काढून आलेख आखावा. पहिल्या टप्प्यात तो शून्याच्या आसपास राहील. दुसऱ्याच्या सुरुवातीला तो उणे ४५ च्या जवळ कोसळेल आणि मग वर चढू लागेल, आधी झपाट्याने, नंतर सावकाश. २००६ मध्ये मॉरिस स्मिथ, अली गझीझादेह आणि रझा शादमेहर यांनी अशा चढणीचा उलगडा दोन प्रक्रियांनी केला: एक लवकर शिकते आणि लवकर विसरते, दुसरी हळू शिकते पण धरून ठेवते. तिसऱ्या टप्प्याच्या पहिल्या फेरीत आलेख शून्याच्या वर, म्हणजे विरुद्ध बाजूला, उडी घेईल. हा शिल्लक परिणाम. युक्ती सोडल्याचे विद्यार्थी प्रामाणिकपणे सांगतो, आणि तरीही रेघ उजवीकडे झुकते. ती पूर्ण ४५ अंश झुकेल अशी अपेक्षा ठेवू नये, कारण भरपाईचा एक भाग युक्तीने केलेला होता आणि तो गळून पडला आहे. पहिल्या टप्प्याची सरासरी वजा करून जे उरते, तेवढी हाताची जुळणी. तिसऱ्या टप्प्यातील पुढच्या फेऱ्यांवर फारसा भरवसा ठेवू नये. रेघ दिसत असल्याने हात त्याच वेळी पुन्हा सरळ होत असतो.

युक्ती आधीच सांगितली तर

माझ्या मते वर्गात सर्वांत रंगणारा भाग हा आहे. विद्यार्थ्यांचे दोन गट करावेत. एका गटाला काही सांगू नये. दुसऱ्याला माउस वळवल्यावर दोन-चार रेघा चुकू द्याव्यात आणि मग सांगून टाकावे: ‘नेम हव्या त्या ठिपक्यावर नको, घड्याळाच्या दिशेने त्याच्या पुढच्या ठिपक्यावर धर.’ ठिपके ४५ अंशांवर आहेत आणि वळणही ४५ अंशांचे, त्यामुळे चूक ताबडतोब नाहीशी होते. पिएत्रो मात्सोनी आणि जॉन क्राकाउअर यांनी २००६ मध्ये असाच प्रयोग केला, तेव्हा सुरुवातीला अचूक आलेली मंडळी पुढे हळूहळू चुकू लागली. बाण तर ठिपक्याला लागत होता; पण हात जिकडे नेला त्यापेक्षा तो वेगळ्याच जागी दिसत होता, आणि आपोआप चालणारी दुरुस्ती तेवढ्यावरून कामाला लागली. काम फत्ते होत आहे की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. तुमच्या आलेखात या गटाची रेघ शून्यावरून घड्याळाच्या दिशेला, म्हणजे शून्याच्या वर, सरकताना दिसली, तर प्रयोग नीट जमला असे समजावे.

दोन गटांचा शिल्लक परिणाम शेजारी शेजारी ठेवून पाहावा. युक्ती माहीत असलेल्यांचा शिल्लक परिणाम नाहीसा होत नाही. उत्तर ठाऊक असूनही हात स्वतःचा हिशेब चालू ठेवतो, हे मुलांना तिथे आकड्यांत दिसते.

एक पथ्य मात्र पाळावे. एकाच विद्यार्थ्याला एकाच बैठकीत आधी उजवीकडे आणि लगेच डावीकडे वळवलेला माउस देऊ नये. विरुद्ध वळणे एकमेकांच्या आड येतात आणि दोन्हींचे आकडे बिघडतात.

दुसरा प्रयोग: आरशातील चांदणी

याला वीज लागत नाही, त्यामुळे लोडशेडिंगच्या वेळीही तो करता येतो. कागदावर पाच टोकांची चांदणी दुहेरी रेषांनी काढावी, दोन रेषांमध्ये ५ मिलिमीटर जागा असावी. कागदाच्या पलीकडच्या कडेला आरसा उभा करावा आणि हातावर पुठ्ठ्याचा आडोसा असा धरावा की कागद फक्त आरशातच दिसेल. दोन रेषांमधून पेन्सिल न उचलता चांदणीची एक फेरी पूर्ण करायची. वेळ सेकंदांत नोंदवावा आणि पेन्सिल रेषेबाहेर किती वेळा गेली ते मोजावे.

असा उभा आरसा डावे-उजवे बदलत नाही. तो फक्त जवळचे आणि लांबचे उलटे करतो. त्यामुळे आडवी रेघ सहज निघते, समोर जाणारी रेघ उलट्या दिशेने निघते आणि तिरक्या रेघेवर हात अक्षरशः अडकतो. चांदणीच्या टोकावर पेन्सिल जागच्या जागी मागेपुढे करत राहते आणि तिथे काळा डाग उमटतो. तो डाग खोडू देऊ नये. कोणत्या टोकावर, कितव्या फेरीपर्यंत डाग पडत राहिला, ही नोंद सेकंदांच्या आकड्यापेक्षा अधिक सांगून जाते.

रोज दहा फेऱ्या, असे तीन दिवस घ्यावेत. ब्रेंडा मिल्नर यांनी हेन्री मोलेसन या रुग्णाची चाचणी अशीच घेतली होती. १९५३ मधील शस्त्रक्रियेनंतर त्याला नव्या घटना लक्षात राहत नसत. तिसऱ्या दिवशी तो चांदणी सफाईने काढत होता, पण हे काम आपण यापूर्वी कधी केले आहे याची त्याला आठवण नव्हती.

आरसा काढून तीच चांदणी सरळ पाहून काढायला लावली, तर तिरक्या माउसनंतर दिसला तसा ठळक शिल्लक परिणाम इथे सहसा दिसत नाही. मुलांना याचे आश्चर्य वाटते, पण कारण समजण्यासारखे आहे. माउस वळवला तेव्हा आधीचीच हालचाल थोडी कलवून भागत होते. आरशात तसे करून उलट नुकसान होते, कारण तिथे दुरुस्तीची दिशाच उलटलेली असते. जुनी सवय जागी राहते आणि तिच्या बाजूला एक नवे कसब सावकाश उभे करावे लागते. असे कसब घाईने येत नाही, मध्ये रात्र गेलेली बरी, आणि ते आल्यावर जुन्या सवयीला धक्का लागत नाही.

आपल्या भागातील ओळखीची उदाहरणे बहुतेक या दुसऱ्या जातीची आहेत. गळीत हंगामात ट्रॅक्टरला लावलेली दोनचाकी ट्रॉली मागे घेताना तिचे शेपूट उजवीकडे न्यायचे तर स्टेअरिंग डावीकडे फिरवावे लागते, आणि ते वेळेवर परत आणले नाही तर ट्रॉली आडवी होते. दुर्बिणीतून पोटाची शस्त्रक्रिया शिकणाऱ्या डॉक्टरांचेही तसेच असते: पोटावरचे छिद्र हत्याराचा टेकू होते, त्यामुळे हात डावीकडे नेला की आतले टोक उजवीकडे जाते. शिकवणाऱ्याने अशा कामात ‘उलटे फिरव’ एवढेच सांगून थांबू नये. ही युक्ती सुरुवातीला उपयोगी पडते, पण घाई झाली किंवा लक्ष विचलित झाले की जुनी सवयच हात चालवते. मोकळ्या शेतात, कमी वेगात, थोडा थोडा सराव दिवसांवर वाटून द्यावा आणि साखर कारखान्याच्या यार्डातील गर्दीत ट्रॉली नंतर आणावी.

प्रिझम मिळाल्यास

चष्म्याच्या दुकानातून प्रिझमचे भिंग मागवता येते. त्याची शक्ती प्रिझम डायॉप्टरमध्ये सांगतात: १ प्रिझम डायॉप्टर म्हणजे १ मीटर अंतरावर १ सेंटिमीटर सरक. म्हणजे २० चे भिंग दोन्ही डोळ्यांना एकाच दिशेने बसवले, तर २ मीटरवरचे लक्ष्य सुमारे ४० सेंटिमीटर सरकलेले दिसते. भिंतीवर खडूने खूण करून कापडी चेंडू फेकायला लावावेत आणि चेंडू कुठे आदळला ते पट्टीने मोजावे. फेकीचा परिणाम फेकणाऱ्याला लगेच दिसला पाहिजे, कारण दिसायला उशीर झाला की जुळणी मंदावते. भिंग काढल्यावर शिल्लक परिणाम पूर्ण ओसरेपर्यंत मुलाला जिना उतरू देऊ नये आणि सायकल चालवू देऊ नये. ज्याला चक्कर किंवा फिट येते, त्याला हा भाग देऊच नये. पालकांची लेखी संमती तिन्ही प्रयोगांसाठी घ्यावी आणि तक्त्यात नावाऐवजी क्रमांक लिहावेत.

यावरून इजा झालेल्या मेंदूवरही काही उपाय निघतो का, असे मुले हमखास विचारतात. इव्ह रोसेती आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मेंदूच्या उजव्या भागाला इजा होऊन डाव्या बाजूचे भान हरपलेल्या रुग्णांना दृश्य उजवीकडे सरकवणारे प्रिझम लावून हात नेमण्याचा थोडा सराव दिला, आणि चष्मा काढल्यावर त्यांचे डाव्या बाजूकडील लक्ष काही काळ सुधारलेले आढळले. तिथे उपचार म्हणून उपयोगी पडला तो शिल्लक परिणामच.

दुसऱ्या दिवशीची एक फेरी

वेळ असेल तर तिरक्या माउसचा प्रयोग त्याच विद्यार्थ्यांवर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावा. पहिल्या टप्प्यात हात सरळच चालतो, काल काही घडले होते याचा मागमूस आलेखात दिसत नाही. माउस वळवल्यावर मात्र चढण कालच्यापेक्षा वेगाने होते. हा वेग युक्ती आठवल्यामुळे आला की हाताला जुनी वाट सापडल्यामुळे, हे तपासण्यासाठी यावेळी दुसरा टप्पा दोनच फेऱ्यांत थांबवावा, युक्ती सोडण्याचे वाक्य वाचून दाखवावे, आणि माउस सरळ करून लगेच आठ रेघा घ्याव्यात. कालच्या पहिल्या दोन फेऱ्यांनंतर हे केलेले नसते, म्हणून तुलनेसाठी काही विद्यार्थी आधीच बाजूला ठेवून त्यांचाही दुसरा टप्पा पहिल्याच दिवशी दोन फेऱ्यांत थांबवावा. शिल्लक परिणाम दोघांचा सारखाच भरला, तर वाढलेला वेग बहुतांशी युक्तीचा आहे असे नोंदवहीत लिहायला हरकत नाही.